रेलचा शेवटचा मीटर: फिरकी मारून पायांवर उतरायला शिकताना

स्कीच्या पार्कमधल्या एखाद्या रेलजवळ, म्हणजे घसरत जाण्यासाठी बर्फावर उभारलेल्या पोलादी कठड्याजवळ, अर्धा तास उभं राहिलं की तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. कुणीतरी झकास चढतो, आडवा घसरत टोकापर्यंत येतो आणि टोक जवळ आलं की खांदे जोरात फेकतो. खांदे फिरतात, स्की मागे राहतात. गडी अर्ध्या फिरकीत अडकतो, स्की उताराला आडव्या टेकतात, खालच्या बाजूची कड बर्फात रुतते आणि तो कुशीवर आपटतो. उठून बर्फ झटकताना म्हणतो, "जोर कमी पडला." पुढच्या वेळी तो आणखी जोरात फेकतो आणि आणखी वाईट पडतो.

जोर बहुतेक वेळा पुरेसा असतो. फेकण्याआधीच वजन मागच्या पायावर गेलेलं असतं, पायांनी उसळी घेतलेली नसते आणि डोळे रेलला चिकटलेले असतात. फिरकी फसल्याचं हवेत दिसतं खरं, पण ती फसलेली असते रेलच्या शेवटच्या मीटरमध्ये. ताशी २० किलोमीटर वेगाने तो एक मीटर ०.१८ सेकंदात संपतो. इतक्या वेळात विचार करता येत नाही, त्यामुळे सगळी तयारी त्याच्या आधीच अंगात मुरलेली हवी. ती कशी मुरवायची, ते सांगतो. मजल २७० अंशांपर्यंतच्या फिरक्यांची आहे, चढताना वळलो त्याच दिशेच्या आणि उलट्याही. त्यापुढच्या फिरक्यांचं तंत्र हेच, फक्त वेळ कमी पडतो.

अंशांचा हिशेब

रेलवरच्या फिरक्यांची नावं अंशांत सांगतात आणि नवख्याचा तिथेच गोंधळ उडतो. सोपा मार्ग असा: चढतानाचे अंश आणि उतरतानाचे अंश यांची बेरीज करा. दोन्ही फिरक्या एकाच दिशेच्या असतील तर अधिक, विरुद्ध असतील तर वजा. उत्तर ० किंवा ३६० आलं तर तोंड उताराकडे करून उतराल. १८० किंवा ५४० आलं (अधिक असो वा उणे) तर स्विच, म्हणजे पाठ उताराकडे.

सरळ येऊन रेलवर आडवं होणं म्हणजे ९०. त्याच दिशेने पुढे २७० घेतलं की एकूण ३६०, म्हणजे सरळ उतरलात. तेच २७० उलट दिशेने घेतलं तर ९० वजा २७०, म्हणजे उणे १८०, म्हणजे स्विच उतरलात. या दुसऱ्या प्रकाराला पार्कमध्ये प्रेट्झेल म्हणतात. २७० ने चढून त्याच दिशेने २७० ने उतरणाऱ्याला स्विच का उतरावं लागतं, तेही याच बेरजेतून कळतं. उडी मारण्याआधी एवढं डोक्यात पक्कं असावं, कारण आपण सरळ उतरणार की उलटे हेच माहीत नसेल तर शरीर मध्येच थांबतं.

उसळीचं गणित

रेलचं टोक बर्फापासून अर्धा मीटर उंच आहे असं धरा. तुम्ही नुसतेच टोकावरून घसरून खाली पडलात तर हवेत साधारण ०.३२ सेकंद मिळतात. त्यात २७० पुरं करायचं तर सेकंदाला जवळपास ८४५ अंशांच्या वेगाने फिरावं लागेल. आता टोकावर पायांनी फक्त २० सेंटीमीटरची उसळी घ्या. हवेतला वेळ ०.५८ सेकंदांवर जातो आणि लागणारा वेग ४६५ अंशांवर येतो. खाली उतार असेल तर आणखी थोडा वेळ पदरात पडतो. एका वीतभर उसळीने काम जवळपास निम्मं होतं. जे खांद्यांच्या जोरावर फिरायला बघतात ते हे निम्मं काम फुकट अंगावर घेत असतात.

दुसरी गोष्ट अशी की हवेत गेल्यावर नवी फिरकी तयार होत नाही. पाय सुटताना अंगात जेवढा फिरण्याचा जोम असेल तेवढाच. हात छातीशी घेतले तर वेग वाढतो, पसरले तर कमी होतो, पण मूळ भांडवल रेलवरूनच न्यावं लागतं. भोवरा जमिनीवर आपटल्यावर कुणी त्याला दोरी गुंडाळत नाही.

आधी काय यायला हवं

कळसाला हात घालण्याआधी पाया तपासा. स्विच स्की करत एखादा सोपा उतार न डगमगता उतरता आला पाहिजे, आणि तेही दोन्ही खांद्यांवरून मागे बघत. छोट्या उडीवर १८० आणि ३६० निदान एका दिशेने जमलं पाहिजे. रुंद बॉक्सवर (रेलसारखाच घसरण्यासाठीचा, पण सपाट माथ्याचा ठोकळा) आणि साध्या सपाट रेलवर आडवं उभं राहून टोकापर्यंत जाणं दहांपैकी नऊ वेळा साधलं पाहिजे. यातलं स्विच स्की करणं सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण ते कंटाळवाणं आहे. पण फसलेल्या फिरकीतून वाचवणारं कौशल्यही तेच आहे.

सामान

दोन्ही टोकं वर वळलेली, थोडी लवचीक स्की हवी. अशा स्की १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या आणि स्विच उतरणं सगळ्यांच्या आवाक्यात आलं. बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारा सांधा) मध्यावर किंवा मध्याच्या दोन-तीन सेंटीमीटर मागे बसवलेलं असेल तर पुढे-मागे वजन सारखं राहतं आणि स्की पटकन फिरते. बुटाखालच्या भागातली कड कानशीने बोथट करा, म्हणजे रेलच्या कानाकोपऱ्याला ती अडकणार नाही. टोकाकडची आणि शेपटाकडची कड मात्र धारदार ठेवा. कडक बर्फावर तीच लागते.

बाइंडिंग किती जोराला सुटावं याचा आकडा स्वतःच्या मनाने वाढवू नका. तो तुमचं वजन, उंची, बुटाची लांबी आणि कौशल्य बघून तंत्रज्ञच लावतो. हेल्मेट तर हवंच. त्याखालोखाल मी माकडहाडाला गादी असलेली आतली चड्डी सांगेन, कारण शिकताना पडणं बहुतेक तिथेच होतं. काठ्या बाजूला ठेवा. नेल्याच तर त्यांचे पट्टे मनगटात अडकवू नका.

रेलवर उभं राहणं

या भागावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे. फिरकी न जमणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोळ इथेच असतो आणि त्यांना तो मान्य नसतो.

रेलवर आडवं असताना तोल दोन दिशांनी जाऊ शकतो. पहिली दिशा रेलच्या लांबीची: पुढचा पाय आणि मागचा पाय. दुसरी रेलच्या रुंदीची: चवडे आणि टाचा. रुंदीचा तोल गेला तर तुम्ही रेलच्या बाजूला उतरता, फारसं काही बिघडत नाही. लांबीचा तोल महागात पडतो. उतरत्या रेलवर शरीर आपोआप डोंगराकडे झुकतं. बर्फावर तसं झुकलं की कड लागते आणि वेग आवरता येतो, ही जुनी सवय. पोलादावर कड लागत नाही. वजन मागच्या पायावर गेलं की पुढचा पाय सटकतो आणि कंबर रेलवर आदळते.

म्हणून शरीर रेलशी काटकोनात ठेवा. रेल खाली झुकलेली असेल तर तुम्हीही तितकेच खाली झुकाल, आणि सुरुवातीला वाटेल की आता तोंडावर पडणार. वजन निम्म्याहून किंचित जास्त पुढच्या पायावर हवं. पाय खांद्यांएवढे किंवा थोडे जास्त रुंद, गुडघे वाकलेले, स्कीचे तळ रेलवर सपाट, आणि रेल बुटाच्या बरोबर मध्याखाली. नजर रेलच्या टोकावर. पायांखाली बघितलंत तर मान खाली जाते, मानेमागून कंबर वाकते आणि पार्श्वभाग मागे जातो. मग वजन टाचांवर.

२०१६ साली टॉम वॉलिश या स्कीपटूने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, सेव्हन स्प्रिंग्जला, ४२४ फुटांची रेल एका दमात घसरून पार केली. सुमारे १२९ मीटर. जमिनीवर उभं असल्यासारखं निवांत उभं राहणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर त्याचं चित्रीकरण बघा.

घसरताना खालचं अंग आणि वरचं अंग वेगळं असतं. कंबरेखालचा भाग रेलला आडवा, छाती मात्र थोडी उताराकडे उघडलेली. या पिळाकडे लक्ष द्या, कारण पुढे तोच कामाला येणार आहे.

कुठली बाजू निवडायची

समजा तुम्ही डावीकडे वळून चढलात. आता उजवा पाय पुढे आहे आणि तुम्ही उजव्या खांद्यावरून टोकाकडे बघता आहात. त्याच दिशेची फिरकी म्हणजे आणखी डावीकडे. उजवीकडे वळून चढलात तर डावा पाय पुढे आणि त्याच दिशेची फिरकी उजवीकडे.

साध्या उडीवर ३६० कुठल्या बाजूने सहज जमतं ते आठवा. डावीकडे जमत असेल आणि रेलवर उजवा पाय पुढे ठेवून घसरायलाही सोपं जात असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्याच दिशेच्या २७० पासून सुरुवात करा. पण पुष्कळांचं याच्या उलट असतं: उडीवर डावीकडे फिरतात आणि रेलवर डावा पाय पुढे ठेवतात. अशांना त्याच दिशेची फिरकी नकोशी वाटते, कारण ती त्यांच्या उजवीकडची असते. त्यांनी एकतर पाय बदलून घसरायला शिकावं किंवा सरळ प्रेट्झेलपासून सुरुवात करावी. प्रेट्झेल अवघड म्हणून ओळखलं जातं, पण ज्याचं अंग त्याच बाजूला फिरतं त्याला ते लवकर येऊ शकतं. पुढची उदाहरणं मी डावीकडे वळून चढणाऱ्याची देतो. तुमची बाजू उलटी असेल तर डावं-उजवं बदलून वाचा.

पहिली पायरी: जमिनीवर आणि बर्फावर

घरात मोजे घालून सपाट जमिनीवर उभे राहा. समोर भिंतीवर एक खूण ठरवा, तिला टोक समजा. तिच्याकडे आडवे व्हा आणि उडी मारून २७० फिरा. पाय नेमके खुणेच्या दिशेने टेकले पाहिजेत. आधी नुसती मान फिरवा, मग खांदे, मग पाय. दहा-वीस उड्यांत कळेल की मान आधी फिरली तर उरलेलं अंग आपसूक येतं आणि मान मागे राहिली तर कितीही जोर लावा, पाय २०० अंशांच्या आसपास थांबतात. ट्रॅम्पोलीन मिळालं तर उत्तमच.

मग जवळपास सपाट बर्फावर स्की घालून तेच. उताराला आडवे उभे राहा, हळू सरकत असताना दोन्ही पायांनी सरळ वर उसळा आणि ९० फिरून तोंड उताराकडे करा. नंतर ९० फिरून स्विच. नंतर २७०. उतार खरोखर सौम्य हवा. तीव्र उतारावर आडवं सरकताना वरच्या बाजूची कड लावावी लागते आणि कडेवरून उसळी घ्यायची सवय लागली तर रेलवर ती घात करते.

दुसरी पायरी: ९०, दोन्हीकडे

जमिनीलगत असलेला, रुंद, ज्यावर सरळ सरकत जाता येतं असा बॉक्स शोधा. टोकाला उजवीकडे ९० फिरून सरळ उतरा. हे तुम्हाला येतच असेल, पण आता एक अट घाला: टोकावर पायांनी ऐकू येईल अशी उसळी घ्यायची. नुसतं घरंगळत उतरायचं नाही.

मग डावीकडे ९०, म्हणजे स्विच. बरेच जण ही पायरी गाळतात, आणि २७० ची चावी तर इथेच आहे. त्याच दिशेच्या २७० चा पहिला तृतीयांश म्हणजे हेच स्विच ९०. शिवाय फिरकी मध्येच सोडून द्यावीशी वाटली तर परतीचा रस्ताही हाच. बॉक्स संपताना मान टोकावरून सोडवून डोंगराकडे न्या, पाठ उताराला लागू द्या आणि स्विच उतरून दोन-तीन वळणं घ्या. दिवसभरात हे सलग दहा वेळा हात न टेकता जमलं की पुढे जा. दहा हा माझा आकडा आहे, तो कुठल्या नियमात लिहिलेला नाही. पण तिनावर समाधान मानणारे आठवडाभराने पुन्हा इथेच आलेले बघितले आहेत.

तिसरी पायरी: त्याच दिशेने २७०

जागा अशी निवडा: टोकाची उंची गुडघ्याच्या आसपास, खाली स्वच्छ उतार, बर्फ मऊ. वसंतातली दुपार सर्वांत चांगली. सकाळी रात्रीचा गोठलेला पत्रा असतो, त्यावर नवीन काही शिकू नये. फक्त मऊ बर्फ वेग खातो, तेव्हा धाव थोडी वरून घ्या.

वेग ठरवण्यासाठी आधी दोनदा साधं आडवं घसरून बघा. टोकापर्यंत पोचताना गती मेली नाही पाहिजे. रेलच्या तोंडाशी येऊन वेग आवरण्यासाठी स्की त्रिकोणात आणणं हा सर्वांत वाईट उपाय. मग तुम्ही वाकडे, मागे झुकलेले आणि घाबरलेले असे एकदमच चढता. वेग वर ठरवा, मग स्की सपाट ठेवून सरळ रेषेत या.

चढताना दोन्ही पायांनी उसळा, कंबरेखालचं अंग डावीकडे ९० वळवा आणि तिथे थांबा. खरंच थांबा. चढतानाची फिरकी रेलवर चालूच राहिली तर टोक येण्याआधी स्की रेलच्या रेषेत येतात आणि पाय रेलच्या दोन्ही बाजूंना पडतात. हा या खेळातला सर्वांत दुखणारा अपघात आहे. एक क्षण स्थिर, मग नव्याने सुरुवात.

आता तो पिळ. छाती थोडी उताराकडे, म्हणजे कंबरेच्या मानाने उजवीकडे वळलेली आहे. डावीकडे फिरायचं तर आधी उजवीकडे पिळावं लागतं, आणि तसे तुम्ही आधीच पिळलेले आहात. वेगळं गुंडाळावं लागत नाही. टोक एक-दीड मीटरवर आलं की उजवा हात थोडा मागे, डावा पोटासमोरून उजवीकडे न्या, गुडघे किंचित आणखी वाकवा. वजन हलू देऊ नका. पिळ घेताना टाचांवर रेलून बसणं ही इथली नेहमीची चूक, त्यात स्की रेलवरून बाजूला सटकतात.

शेवटच्या मीटरमध्ये क्रम असा: मान, खांदे, उसळी, पाय. मान टोकावरून सुटते आणि डावीकडे जाते. डावं कोपर मागे खेचलं जातं, उजवा हात छातीसमोरून येतो. खांदे निघालेले असतात पण स्की अजून आडव्याच असतात. मग टोकावर दोन्ही पायांनी सरळ खाली ढकला, रेलशी काटकोनात, आणि स्की खांद्यांच्या मागून येऊ द्या. खांदे रेलवर सुरू होतात, पाय हवेत. हा क्रम उलटा झाला तर शेपटं रेलला अडकतात.

हवेत पहिला टप्पा आंधळा असतो. पाठ उताराकडे, तोंड डोंगराकडे, समोर फक्त मागे पडणारी रेल. इथे बहुतेकांची छाती धडधडते आणि मान थांबते. मान थांबू देऊ नका. डाव्या खांद्यावरून खाली उतार शोधा. अर्धी फिरकी झाली की तो दिसू लागतो, आणि एकदा दिसला की शरीर उरलेले ९० अंश स्वतःहून पुरे करतं. मी शिकवताना एवढंच ओरडतो: "खांदा! खांदा!"

जमीन दिसली की हात पसरा, वेग उतरेल. पाय रुंद, गुडघे मऊ, तळ सपाट. वीस-तीस अंश कमी पडले तरी बिघडत नाही, वजन मध्यावर असेल तर स्की बर्फावर सरकत उरलेलं वळण घेतात. मात्र आडवे असताना खालच्या बाजूची कड टेकवू नका. तिरपे उतरलात तर वरच्या बाजूच्या कडेवर हलका दाब ठेवा.

चौथी पायरी: प्रेट्झेल

डावीकडे वळून चढलात, आता उजवीकडे २७० फिरून स्विच उतरायचं. हे अवघड का, ते वरच्या पिळावरून कळेल. उजवीकडे फिरायचं तर छाती आधी डावीकडे, डोंगराच्या बाजूला वळवावी लागते, आणि घसरतानाची नैसर्गिक मुद्रा नेमकी त्याच्या विरुद्ध असते. त्यामुळे टोकाच्या आधी मुद्दाम पिळ बदलावा लागतो. नजर मात्र टोकावरच ठेवायची. हे करताना वजन मागच्या पायावर जायला अगदी टपलेलं असतं, म्हणून साध्या घसरण्यात हा पिळ घेऊन पुन्हा सोडून द्यायचा सराव करा, उतरताना फिरायचंच नाही. पाच-सहा फेऱ्यांत अंगाला सवय होते.

मग शेवटच्या मीटरमध्ये उजवं कोपर मागे, डावा हात पुढे, उसळी. पहिला टप्पा इथे सोपा आहे. छाती उताराकडे उघडते आणि उतरायची जागा लख्ख दिसते. तीच तर फसवणूक आहे. जागा दिसली की तिथेच बघत राहावंसं वाटतं, मान थांबते आणि तुम्ही अर्ध्यावर आडवे उतरता. जागा एकदा बघून घ्या आणि सोडून द्या. मान उजवीकडून डोंगराकडे न्या, शेवटी डोळ्यांसमोर रेलचं टोक यायला हवं.

उतरताना उजव्या खांद्यावरून उताराकडे बघायचा मोह होईल. बघितलंत तर फिरकी पुढे चालू राहील. स्कीच्या टोकांपलीकडच्या बर्फावर किंवा रेलवर नजर अर्धा क्षण धरून ठेवा, स्की टेकून स्थिर झाल्या की डाव्या खांद्यावरून मागे बघा. डावीकडे बघण्याने उरलेली फिरकीही मरते.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

आडवे उतरून पडत असाल तर आधी उसळीचा संशय घ्या, मग मानेचा, सर्वांत शेवटी जोराचा. मित्राला बाजूला उभं करून चित्रीकरण करायला सांगा, पण कॅमेरा रेलच्या टोकाच्या बरोबर आडवा हवा. समोरून घेतलेल्या चित्रीकरणात फिरकी छान दिसते आणि वजन कुठे आहे ते कळत नाही. टोकाच्या जरा आधीचं दृश्य थांबवून दोनच गोष्टी बघा: कंबर पायांच्या वर आहे का, आणि मान कुठे आहे.

टोकाच्या आधीच बाजूला घसरत असाल तर पिळ घेताना चवडे किंवा टाचा दाबल्या जात आहेत. पिळ लहान करा. खांद्यांच्या मोठ्या फेकीपेक्षा छोटा, नेमका पिळ आणि बरी उसळी कधीही चांगली.

कंबरेवर किंवा मागच्या हातावर पडत असाल तर वजन डोंगराकडे आहे. हे फिरकीच्या सरावाने सुटत नाही. एक-दोन दिवस परत साध्या घसरण्यावर जा. कटू आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

फिरकी जास्त होत असेल तर आनंद माना, ही चांगल्या जातीची चूक आहे. हात थोडे लवकर पसरा आणि जमीन दिसताच मान थांबवा. स्कीचं टोक किंवा शेपूट रेलला लागत असेल तर तुम्ही पाय फार लवकर फिरवता आहात. उसळीनंतर स्की क्षणभर आडव्याच राहिल्या पाहिजेत.

आणि दोन फेऱ्या सलग घाबरत मारल्या तर तिसरी मारू नका. घाबरलेला माणूस रेलच्या मध्यावर निर्णय बदलतो. निर्णय चढण्याआधी बदलायला काहीच हरकत नाही, रेलच्या बाजूने सरळ निघून जा. चढल्यावर गडबड झाली तर सुटका ९० मध्ये आहे: सरळ किंवा स्विच, ज्या बाजूला वजन गेलं असेल तिकडे. अर्ध्या मनाने २७० कधीच नको.

पार्कचे शिष्टाचार थोडक्यात: पहिली फेरी नुसती बघत मारा, उतरायची जागा मोकळी आहे याची खात्री करा, हात वर करून "जातो" असं सांगा आणि उतरल्यावर टोकाखाली उभे राहू नका. पडलात तर आधी बाजूला व्हा, दुखणं नंतर तपासा. उठता येत नसेल तर कुणालातरी वर थांबवायला सांगा. टोकाखाली काय आहे हे वरून येणाऱ्याला दिसत नाही.

बॉक्सवरून रेलवर, आणि दुसरी बाजू

रुंद बॉक्सवर २७० बसलं की अरुंद बॉक्स, मग चौकोनी सपाट रेल, मग गोल नळी. गोल नळीवर स्कीखाली टेकायला फारच थोडी जागा असते, त्यामुळे सरळ खाली न ढकलता तिरपं ढकललं की स्की लगेच निसटतात. उतरत्या रेलवर वेग वाढत जातो, टोक अंदाजापेक्षा लवकर येतं. पिळ अर्धा मीटर आधी सुरू करा. मध्येच वाकलेल्या रेलवर शेवटच्या वाकानंतर स्थिर व्हायला जागा उरते का ते आधी चालत जाऊन बघा. उरत नसेल तर त्या रेलवर सध्या फिरकी नाही.

२०१४ साली सोचीला स्लोपस्टाइल, म्हणजे रेल आणि उड्यांच्या मार्गावरची स्पर्धा, पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. तेव्हापासून आजवर, वरच्या भागातल्या रेल पार करताना खेळाडू दोन्ही बाजूंनी चढतात आणि दोन्ही बाजूंना फिरतात, कारण परीक्षक वैविध्य मोजतात. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी दुसरी बाजू शिकाच. पाय बदलला की मात्र सगळं शून्यावर येतं: पुन्हा जमिनीलगतचा रुंद बॉक्स, पुन्हा नुसतं उभं राहणं, पुन्हा ९०. पहिल्या दोन तासांत आपण कधी स्की शिकलो होतो की नाही अशी शंका येईल. चांगल्या बाजूच्या रेलकडे पाय वळायला लागतील. त्या दिवशी तिकडे जाऊच नका.